डेमो खात्यावरची चाचणी : ग्राहकाला नेमके काय सिद्ध करून दाखवायचे?

कोडगिरणी (धागाकर्ता)

नमस्कार. गेली काही वर्षे मी पुण्यात घरी बसून ग्राहकांसाठी स्वयंचलित सौदे करणारे प्रोग्राम लिहितो. बहुतेक काम मेटाट्रेडर ५ या सौदे करण्याच्या सॉफ्टवेअरवरचे असते, म्हणजे त्या जगात ज्याला ईए किंवा रोबो म्हणतात ते, आणि ग्राहक बहुधा भारताबाहेर राहणारे असतात. सौद्याचे नियम ग्राहकाचे असतात. भावांची कोणती सरासरी कोणत्या सरासरीला छेदून गेली की घ्यायचे, स्टॉपलॉस (म्हणजे ज्या तोट्याला सौदा आपोआप मिटतो ती मर्यादा) किती ठेवायचा, हे तो सांगतो आणि मी ते मेटाट्रेडरच्या एमक्यूएल ५ या भाषेत उतरवतो. काम पूर्ण झाले की जवळजवळ प्रत्येक जण एकच वाक्य म्हणतो : "आधी महिनाभर डेमोवर चालवून दाखवा, मग उरलेले पैसे देतो."

(डेमो म्हणजे खोट्या पैशांचे सरावाचे खाते, लाइव्ह म्हणजे खऱ्या पैशांचे.) मागणी रास्त आहे. त्यांच्या जागी मी असतो तर हेच म्हटले असते. पण महिना संपतो तेव्हा आम्ही दोघे दोन वेगळ्या गोष्टी पाहत असतो, ही माझी खरी अडचण आहे. मी जर्नल, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदींची फाइल, उघडून प्रत्येक सौदा ठरल्या नियमाप्रमाणे, ठरल्या वेळी आणि ठरल्या आकाराचा झाला की नाही ते तपासतो, तर ग्राहक फक्त खात्यातली शिल्लक पाहतो. शिल्लक वाढली असेल तर प्रोग्राम उत्तम, घटली असेल तर "यात काहीतरी चूक राहिली आहे". नियम त्यांचेच होते, हे त्या वेळी कोणालाच आठवत नाही. उलट बाजूही तितकीच खरी आहे : शिल्लक वाढलेली असली की कोणी जर्नल उघडायला सांगत नाही, आणि माझ्या चुका तशाच पुढे लाइव्ह खात्यावर जातात.

अशी एक चूक माझ्याच हातून झाली, ती सविस्तर सांगतो. ग्राहक शारजात राहणारे एक मराठी गृहस्थ. युरो-डॉलरवर सतत बाजारात राहणारा, म्हणजे खरेदीतून थेट विक्रीत आणि विक्रीतून थेट खरेदीत उलटणारा प्रोग्राम त्यांना हवा होता. ०.१० लॉटची (लॉट म्हणजे सौद्याचे माप) खरेदी उभी असताना विक्रीचा संकेत आला की ०.२० लॉट विकायचे, म्हणजे जुनी खरेदी मिटून ०.१० ची विक्री उरते. मी डेमोवर सहा आठवडे हे चालवले, एकही गडबड झाली नाही, ग्राहकाने आनंदाने पैसे दिले आणि सोमवारी लाइव्ह खात्यावर प्रोग्राम जोडला. गुरुवारी रात्री त्यांचा फोन आला : "दादा, माझ्या खात्यात नऊ पोझिशन उघड्या दिसतायत, बरोबर आहे का हे?"

मेटाट्रेडर ५ मध्ये खाती दोन प्रकारची असतात. नेटिंग खात्यात एका चलनजोडीची एकच पोझिशन, म्हणजे उघडा सौदा, असते आणि उलट सौदा तिच्यातून वजा होतो. हेजिंग खात्यात प्रत्येक सौदा स्वतंत्र राहतो, खरेदी आणि विक्री शेजारी शेजारी उभ्या राहतात. डेमो खाते उघडताना खिडकीत हेजिंगसाठी एक छोटी चौकट असते, तिच्यात मी खूण केली नव्हती. त्यांचे लाइव्ह खाते मात्र हेजिंगचे होते. प्रत्येक संकेताला जुने न मिटता नवे ०.२० लॉट वर चढत गेले. बेरीज-वजाबाकी केली तर निव्वळ जोखीम तेवढीच राहते, म्हणून पहिले दोन दिवस शिल्लकेवर काही उमटलेही नाही. पण प्रत्येक पोझिशनचा स्टॉपलॉस वेगळा होता. बुधवारी एका बाजूचे दोन स्टॉप लागले, दुसरी बाजू उघडी पडली, आणि ठरल्यापेक्षा कितीतरी मोठा सौदा रात्रभर बाजारात राहिला. नुकसान मी भरून दिले. सहा आठवड्यांच्या त्या निर्दोष डेमोने एवढेच सिद्ध केले होते की माझा प्रोग्राम माझ्या खात्यावर नीट चालतो.

तेव्हापासून मी विचार करतो आहे की ग्राहकाला दाखवायची डेमो चाचणी कशी आखावी, ती यशस्वी झाली हे कशावरून ठरवावे आणि ते आधी लिहून कसे घ्यावे. जे हे काम करतात किंवा करवून घेतात त्यांचे अनुभव वाचायला आवडतील.

रात्रपाळी

माझा व्यवसाय सॉफ्टवेअर चाचणीचा आहे, शेअरबाजाराचा नाही, तेव्हा बाजाराच्या बाबतीत चुकले तर सांभाळून घ्यावे. पण तुमचे सहा आठवडे वाचताना मला प्रश्न पडला तो हा की त्या काळात तुम्ही प्रोग्राम तपासत होतात की नुसता चालू ठेवून बघत होतात? या दोहोंत पुष्कळ अंतर आहे. आमच्याकडे एखादी प्रणाली महिनाभर सुरळीत चालली याला चाचणी म्हणत नाहीत. तिला मुद्दाम अडचणीत आणतात आणि ती कशी वागते ते लिहून ठेवतात.

डेमो खात्याचा खरा उपयोग मला तिथेच दिसतो. खरे पैसे नसल्यामुळे तिथे वाटेल ते करता येते. सौदा उघडा असताना राउटरची वायर उपटावी आणि दहा मिनिटांनी लावावी. टर्मिनल, म्हणजे संगणकावरचे मेटाट्रेडर, बंद करून पुन्हा सुरू करावे आणि प्रोग्रामला आपला आधीचा सौदा ओळखू येतो की तो शहाण्यासारखा दुसरा उघडतो ते पाहावे. त्याच जोडीवर हाताने एक सौदा टाकावा आणि प्रोग्राम परक्या सौद्याला हात लावतो का ते तपासावे. तोच प्रोग्राम चुकून दोन चार्टवर लावला तर काय होते? स्टॉपलॉस ग्राहकाने हाताने हलवला तर? असा प्रत्येक प्रसंग, अपेक्षित वर्तन आणि प्रत्यक्षात घडलेले वर्तन अशी तीन रकान्यांची वही ठेवली की ग्राहकासमोर ठेवायला तुमच्याकडे शिल्लकेच्या आलेखापेक्षा भक्कम काहीतरी असेल.

(पुण्यात गुरुवारी देखभालीसाठी वीज जातेच, तेव्हा यातली एक चाचणी महावितरण तुम्हाला फुकट करून देईल.)

कोडगिरणी

ताई, नेमके बोट ठेवलेत. मी चालू ठेवून बघत होतो. टर्मिनल पुन्हा सुरू करण्याची चाचणी मी करतो, कारण त्या बाबतीत एकदा ठेच लागलेली आहे : प्रोग्रामने आपली सगळी स्थिती स्मरणात ठेवली होती आणि व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा दूरचा संगणक, पुन्हा सुरू होताच ते स्मरण पुसले गेले. आता प्रत्येक सौद्यावर मॅजिक नंबर, म्हणजे प्रोग्रामची ओळखखूण, टाकतो आणि सुरू होताच आधी खात्यातल्या पोझिशन वाचून मगच पुढचे पाऊल टाकायचे अशी रचना करतो. पण वायर उपटून पाहिली नव्हती. वहीची कल्पना उचलतो आहे.

एकलॉट

थोडे विरोधी मत मांडतो. डेमोवर एवढी मेहनत करणे मला व्यर्थ वाटते, कारण डेमोवर जे घडते तो बाजार नसतोच. तिथे तुमची ऑर्डर कोणाकडेही जात नाही. ब्रोकरचा सर्व्हर पडद्यावर दिसणारा भाव घेतो आणि सौदा झाला असे लिहून टाकतो. समोर विकणारा कोणी आहे का, त्याच्याकडे तेवढा माल आहे का, हा प्रश्नच तिथे उद्भवत नाही. अमेरिकेतल्या रोजगाराचे आकडे बहुधा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी सहाला आणि हिवाळ्यात सातला जाहीर होतात. त्या क्षणी डेमोवरचा स्टॉपलॉस बहुधा सांगितलेल्या भावाला सुटतो, लाइव्हवरचा मात्र जिथे कोणी घ्यायला तयार असेल तिथे सुटतो.

टोकाचे उदाहरण १५ जानेवारी २०१५ चे. स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने सप्टेंबर २०११ पासून एका युरोला किमान १.२० फ्रँक हा भाव राखला होता. त्या दिवशी आपल्या घड्याळात दुपारी तीनच्या सुमारास तिने तो आधार काढून घेतला आणि काही मिनिटांत भाव १.०० च्याही खाली गेला. १.२० च्या जरा खाली स्टॉपलॉस लावून निर्धास्त बसलेल्यांचे सौदे फार खालच्या भावांना सुटले, कित्येक ग्राहकांच्या खात्यातली शिल्लक शून्याच्या खाली गेली आणि अल्पारी यूके ही ब्रोकर कंपनी त्यातच दिवाळखोरीत गेली. आदल्या दिवसापर्यंत कोणत्याही डेमोने ही जोखीम दाखवली असती का?

म्हणून माझा सल्ला असा की डेमो दोन दिवस चालवावा, प्रोग्राम सुरू होतो आणि बंद होतो एवढे पाहावे आणि मग ग्राहकाच्या छोट्या लाइव्ह खात्यावर सर्वांत लहान लॉटने महिना काढावा. २०० डॉलर गेले तर गेले. त्या २०० डॉलरांत जे कळेल ते डेमोच्या एक लाख डॉलरांत कळणार नाही.

कोडगिरणी

एकलॉट, भावाबद्दल आपण म्हणता ते मान्य आहे. लाइव्हवर गेल्याशिवाय स्लिपेज, म्हणजे मागितलेल्या आणि मिळालेल्या भावातला फरक, कळत नाही. पण छोट्या खात्याची एक गंमत आकड्यांत सांगतो, कारण या सल्ल्याने माझे दोन ग्राहक चक्रावले होते.

समजा नियम असा आहे की प्रत्येक सौद्यात खात्याच्या १ टक्का रकमेची जोखीम घ्यायची आणि स्टॉपलॉस ५० पिपांचा (पिप म्हणजे भावातल्या बदलाचे छोटे एकक) ठेवायचा. डेमोवर १०,००० डॉलर आहेत, म्हणजे जोखीम १०० डॉलर. युरो-डॉलरच्या एका पूर्ण लॉटला एक पिप म्हणजे १० डॉलर, त्यामुळे प्रोग्राम ०.२० लॉट घेतो आणि हिशेब चोख बसतो. आता तोच प्रोग्राम २०० डॉलरच्या खात्यावर लावा. जोखीम २ डॉलर, लॉट निघतो ०.००४. पण ब्रोकरकडे किमान लॉट ०.०१ आहे. प्रोग्राम लिहिणाऱ्याने खालच्या बाजूला पूर्णांकन केले असेल तर लॉट शून्य होतो, सर्व्हर १००१४ क्रमांकाची, आकारमान अवैध असल्याची त्रुटी देतो आणि एकही सौदा होत नाही. वरच्या बाजूला केले असेल तर ०.०१ लॉट घेतला जातो आणि जोखीम १ टक्क्याऐवजी अडीच टक्के होते. म्हणजे छोट्या लाइव्ह खात्यावर तुम्ही वेगळाच प्रोग्राम तपासत असता.

यावरून मी एवढे ठरवले आहे की डेमो खात्यात ग्राहक प्रत्यक्षात जेवढी रक्कम ठेवणार आहे तेवढीच रक्कम टाकायची. खाते उघडताना समोर येणारे गुबगुबीत आकडे घ्यायचे नाहीत. लिव्हरेजही, म्हणजे ठेवीच्या किती पट सौदा करता येतो तेही, त्यांच्याएवढेच. युरोपातल्या किरकोळ ग्राहकाला २०१८ पासून मुख्य चलनजोड्यांवर ३० पटींहून अधिक मिळत नाही, तिथे माझा डेमो ५०० पटींवर चालवून काय उपयोग?

रात्रपाळी

मला तुमचे दोघांचे भांडण मुळात खोटे वाटते. एकलॉट म्हणतात ती बाजाराची परीक्षा आणि मी म्हणते ती यंत्राची. गाडीचे ब्रेक लागतात का हे कारखान्याच्या आवारात पाहतात. घाटात गाडी परवडेल का हे घाटातच कळते. पण ब्रेक न तपासता थेट घाटात कोणी जात नाही. १५ जानेवारी २०१५ चा भाव डेमोने दाखवला नसता हे खरे, मात्र त्या दिवसासारखा नवा भावच (टिक) न येणे, शिल्लक शून्याखाली जाणे, ऑर्डर नाकारली जाणे अशा प्रसंगी प्रोग्राम त्याच ऑर्डरचा सेकंदाला पन्नास वेळा मारा करतो की थांबून निरोप पाठवतो, हे तरी आधी पाहता आले असते.

यंत्राच्या परीक्षेत हयगय झाली तर काय होते याचे उदाहरण आमच्या क्षेत्रात नेहमी दिले जाते. १ ऑगस्ट २०१२ रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटलने नवा प्रोग्राम आठपैकी सात सर्व्हरांवर चढवला. आठव्यावर तो चढवायचा राहून गेला. नव्या प्रोग्रामने जुन्या, वापरातून गेलेल्या भागाचीच खूण पुन्हा वापरली होती. त्यामुळे आठव्या सर्व्हरवर तो जुना भाग जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरांच्या आसपास नुकसान झाले. व्यूहरचना वाईट होती म्हणून हे झाले नाही. तपासलेला प्रोग्राम आणि चालवलेला प्रोग्राम एकच आहे, याची कोणी खात्री केली नव्हती. धागाकर्त्यांच्या चौकटीतली राहून गेलेली खूण त्याच जातीची आहे.

रिंगणातला

मी मुंबईत फोर्टातल्या एका ब्रोकरच्या कार्यालयात नोकरी करून निवृत्त झालो. परदेशी चलनाच्या या सौद्यांचा मला अनुभव नाही, पण इथले मराठी वाचक हा धागा वाचून उद्या इथेच कामाला लागतील, म्हणून दोन गोष्टी लिहून ठेवतो.

पहिली, भारतात राहणाऱ्या ग्राहकासाठी असा प्रोग्राम लिहिण्याआधी त्याचे खाते कुठे आहे ते विचारावे. निवासी भारतीयाला परकीय चलनाचे सौदे अधिकृत संस्थांमार्फत किंवा मान्यताप्राप्त बाजारांवर आणि रिझर्व्ह बँकेने परवानगी दिलेल्या मंचांवरच करता येतात. बाहेरच्या ब्रोकरकडे मार्जिन (सौद्यासाठीची अनामत) म्हणून पैसे पाठवणे परदेशी पैसे पाठवण्याच्या उदारीकृत प्रेषण योजनेतही बसत नाही. रिझर्व्ह बँक सप्टेंबर २०२२ पासून अनधिकृत मंचांची सावधगिरीची यादी प्रसिद्ध करते आहे. डेमो खाते उघडायला कोणी अडवत नाही, म्हणून लाइव्हही चालत असेल असा पुष्कळांचा समज होतो. डेमोचा हा तोटा कोणी सांगत नाही.

दुसरी, आपल्या शेअरबाजाराच्या संगणकीय सौद्यांची. मेटाट्रेडरसारखे दोन मिनिटांत उघडणारे डेमो खाते इथे सहसा मिळत नाही. काही ब्रोकरांनी एपीआयसाठी (प्रोग्राममधून ऑर्डर देण्याच्या सोयीसाठी) सरावाचा सर्व्हर दिला आहे, पण पुष्कळांकडे तो नाही. शनिवारी बाजार सरावाची सत्रे घेतो, तीही सदस्य ब्रोकरांसाठी असतात. मग प्रोग्राम लिहिणारे स्वतःच खोटा ब्रोकर लिहितात, खरे भाव घेतात आणि शेवटच्या सौद्याच्या भावाला आपली ऑर्डर पूर्ण झाली असे मानतात. यालाच पेपर ट्रेडिंग म्हणायचे. निफ्टीच्या दूरच्या स्ट्राइकचा (म्हणजे ठरलेला भाव चालू भावापासून लांब असलेला) ऑप्शन घ्या : घेणारा ४.१० देतो, विकणारा ४.६० मागतो, शेवटचा सौदा ४.३५ ला झालेला. कागदावर तुम्ही ४.३५ ला घेतले आणि ४.३५ लाच विकले, खर्च शून्य. प्रत्यक्षात ४.६० ला घेऊन ४.१० ला विकलेत, म्हणजे २०२५ मधल्या ७५ च्या लॉटने धरले तर लॉटमागे साडेसदतीस रुपये गेले. दिवसाला असे वीस फेरे असतील तर ७५० रुपये, एका लॉटवर, ब्रोकरेज आणि कर वेगळे. खोट्या ब्रोकरला निदान घेताना विकणाऱ्याचा भाव आणि विकताना घेणाऱ्याचा भाव लावायला शिकवा. एवढ्या एका दुरुस्तीने निम्म्या व्यूहरचना कागदावरच मरतील, आणि ते बरेच आहे.

आणखी एक. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी राष्ट्रीय शेअरबाजाराचे काम सकाळी ११.४० ला तांत्रिक बिघाडाने थांबले आणि दुपारी ३.४५ ला पुन्हा सुरू होऊन पाचपर्यंत चालले. ज्यांच्या प्रोग्राममध्ये "३.२० ला सगळे मिटवा" असे लिहिले होते, त्यांना ३.२० ला बाजारच नव्हता. १ सप्टेंबर २०२५ पासून निफ्टीच्या ऑप्शनची साप्ताहिक मुदत गुरुवारवरून मंगळवारी आली, लॉटचा आकारही अधूनमधून बदलतो. गुरुवार आणि लॉट प्रोग्राममध्ये कायमचे कोरून ठेवणाऱ्याचा प्रोग्राम ऑगस्टच्या पेपर ट्रेडिंगमध्ये उत्तीर्ण झाला असता आणि सप्टेंबरात नापास.

सेबीच्या ४ फेब्रुवारी २०२५ च्या परिपत्रकाने किरकोळ गुंतवणूकदारांच्या अल्गोंसाठी, म्हणजे स्वयंचलित सौद्यांच्या प्रोग्रामांसाठी, चौकट आखली आहे. ठरावीक आयपी पत्ता, ऑर्डरवर अल्गोची ओळख, आणि दुसऱ्यांना अल्गो पुरवणाऱ्यांची बाजाराकडे नोंद, असे तिचे स्वरूप आहे. अंमलाच्या तारखा पुढे सरकल्या, पण दिशा स्पष्ट आहे. ज्याचा तर्क ग्राहकाला उघड दिसत नाही असा अल्गो पुरवणाऱ्याला संशोधन विश्लेषक म्हणूनही नोंदणी लागते. तेव्हा "मी फक्त कोड लिहितो" हे म्हणणे इथल्या ग्राहकाच्या बाबतीत फार दिवस पुरणार नाही.

एकलॉट

रिंगणातले काका, ४.१० आणि ४.६० चे उदाहरण मी उचलून ठेवतो. माझे म्हणणे याहून वेगळे नव्हते; फक्त मी त्यावरून डेमोच नको म्हणालो आणि तुम्ही खोट्या ब्रोकरलाच सुधारायला सांगता आहात. तरीही माझा हट्ट एका मुद्द्यावर कायम आहे : ग्राहकाला डेमोवरचा नफा दाखवूच नये. तो आकडा एकदा डोळ्यांसमोर आला की मनातून जात नाही.

साशंक

एकलॉट यांच्या शेवटच्या वाक्याला पुढे नेतो, कारण मी या सगळ्याच्या दुसऱ्या टोकाला होतो. मी ग्राहक होतो. एका विक्रेत्याने मला चार महिने सलग नफ्यात असलेले डेमो खाते दाखवले होते, तेही खोटे नव्हे. त्याने मला इन्व्हेस्टर पासवर्ड दिला होता, म्हणजे मी स्वतः लॉगिन करून सौदे पाहू शकत होतो, फक्त करू शकत नव्हतो. मी भारावून विकत घेतले. पुढे काय झाले ते सांगत बसत नाही.

नंतर एका स्नेह्याने वहीच्या पानावर मला हिशेब मांडून दाखवला. वेगवेगळ्या सेटिंगची सोळा डेमो खाती एकाच दिवशी उघडा. प्रोग्रामला काहीही अक्कल नाही, छापा-काटा आहे, असे धरा. पहिल्या महिन्याअखेर साधारण आठ नफ्यात असतील. तोट्यातली आठ बंद करा, त्यांचे नाव कोणाला कळत नाही. दुसऱ्या महिन्याअखेर चार, तिसऱ्याअखेर दोन, चौथ्याअखेर एक. ते एक खाते म्हणजे मला दाखवलेले खाते. डेमो उघडायला पैसे पडत नाहीत, त्यामुळे उरलेल्या पंधरांची राखही कुठे दिसत नाही.

सेबीने २ सप्टेंबर २०२२ च्या परिपत्रकाने अल्गोच्या मागच्या किंवा पुढच्या परताव्याचा उल्लेख करायला ब्रोकरांना मनाई केली, आणि असे दावे करणाऱ्या मंचांशी संबंध ठेवायलाही. अमेरिकेतही वायदे बाजाराच्या नियामकाच्या नियमाप्रमाणे काल्पनिक किंवा बनावट सौद्यांवरचा परतावा दाखवताना त्याच्या मर्यादा सांगणारी सूचना जोडावी लागते. धागाकर्ते प्रामाणिक दिसतात म्हणून सांगतो : तुम्ही ग्राहकाला डेमो दाखवाल तेव्हा या प्रोग्रामसाठी एकूण किती डेमो खाती उघडली होती हा आकडा आपणहून सांगा. मला कोणी सांगितला असता तर मी पैसे वाचवले असते.

कोडगिरणी

साशंक, हा आकडा सांगण्याचे मला कधी सुचलेच नव्हते, आणि सुचायला हवे होते. माझी बहुधा तीन-चार खाती असतात, कारण मी वेगवेगळ्या ब्रोकरांच्या सर्व्हरांवर एकाच वेळी तपासतो. युरो-डॉलरच्या नावाला एकीकडे शेपूट (मागे जोडलेली अक्षरे) असते आणि दुसरीकडे नसते, एका सर्व्हरला ऑर्डर भरण्याची एक पद्धत चालते आणि दुसरा तीच ऑर्डर १०,०३० क्रमांकाची त्रुटी देऊन परत करतो. हे सगळे डेमोवरच कळते. पण बाहेरून पाहणाऱ्याला ती चार खाती आणि तुमची सोळा खाती सारखीच दिसणार.

खडूपाटी

विषय ऐकून आहे, धागा पूर्ण वाचला. एक साधा प्रश्न. डेमो नेमका किती दिवस चालवावा? महिना कुठून आला?

रात्रपाळी

महिना पगारातून आला असावा. चाचणी दिवसांत मोजू नये, प्रसंगांत मोजावी. मी वर लिहिलेले प्रसंग तर मुद्दाम घडवता येतात, दोन दिवसांत उरकतील. बाजाराने स्वतः घडवायचे प्रसंग कोणते ते धागाकर्त्यांनी सांगावे.

कोडगिरणी

माझ्या यादीत पुढचे प्रसंग आहेत. एक शनिवार-रविवार, म्हणजे बाजार बंद असताना प्रोग्राम गप्प बसतो आणि सोमवारी पहाटे मधली फट टाकून भाव उघडला तर काय करतो ते कळते. एक बुधवारची रात्र, कारण चलनांवर त्या दिवशी सहसा तीन दिवसांचा स्वॅप (सौदा रात्रभर ठेवण्याचे व्याज) एकदम लागतो. न्यूयॉर्कचे पाच, म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात पहाटेचे अडीच आणि हिवाळ्यात साडेतीन. त्या सुमारास स्प्रेड (खरेदी-विक्रीच्या भावांतले अंतर) अचानक रुंदावतो आणि जवळ ठेवलेले स्टॉप विनाकारण लागतात. रोजगाराच्या आकड्यांचा एक शुक्रवार. आणि जमले तर मार्चमधले ते दोन-तीन आठवडे किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबरमधला तो एक आठवडा, जेव्हा अमेरिका आणि युरोप वेगवेगळ्या रविवारी घड्याळे बदलतात आणि "लंडन उघडल्यावर दोन तासांनी" असे नियम तासाभराने घसरतात. शेवटचे सोडले तर हे सर्व चार-पाच आठवड्यांत येते, म्हणजे महिना योगायोगाने बरोबर निघाला. घड्याळबदल मी बॅकटेस्ट करून, म्हणजे मागच्या भावांवर प्रोग्राम चालवून, तपासतो, त्यासाठी मार्चची वाट पाहत नाही.

या धाग्यातून मी आता ग्राहकासाठी जो मजकूर केला आहे तो इथे देतो, चुका दाखवाव्यात :

"डेमो चाचणीचा उद्देश प्रोग्राम सोबतच्या नियमपत्राप्रमाणे वागतो की नाही एवढेच तपासणे हा आहे. चाचणीचे खाते ग्राहकाच्या ब्रोकरकडे, ग्राहकाच्या लाइव्ह खात्याच्याच प्रकारचे, तेवढ्याच रकमेचे आणि तेवढ्याच लिव्हरेजचे असेल, व ते ग्राहक स्वतः उघडेल. प्रत्येक सौदा नियमपत्रातील कोणत्या कलमामुळे झाला याची नोंद दिली जाईल. नियमपत्राशी न जुळणारा एकही सौदा आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करून चाचणी पुन्हा सुरू केली जाईल. खात्यातील नफा अथवा तोटा हा काम स्वीकारण्याचा अथवा नाकारण्याचा निकष असणार नाही. या प्रोग्रामसाठी एकूण ___ डेमो खाती वापरली गेली."

चाचणीची प्रत फक्त डेमो खात्यावरच चालेल अशी व्यवस्था मी प्रोग्राममध्ये ठेवतो. खाते डेमो आहे की खरे हे टर्मिनल सांगतेच. लाइव्हची प्रत ग्राहकाने स्वीकृती दिल्यावर देतो. त्यांच्या लाइव्ह खात्याचा मुख्य पासवर्ड मात्र मी कोणाकडूनही, कितीही विश्वासाने दिला तरी, घेत नाही.

रात्रपाळी

मजकुरात एक भर घाला. चाचणी झालेल्या प्रतीचा आवृत्ती क्रमांक त्यात यावा, आणि लाइव्हची प्रत त्याच क्रमांकाची असावी. डेमोचे कुलूप काढण्यासाठी तुम्ही प्रोग्राम पुन्हा बांधणार, म्हणजे काटेकोरपणे पाहता ती न तपासलेली प्रत झाली. कुलूप बाहेरून, सेटिंगमधून काढता येईल असे ठेवा.

कोडगिरणी

ताई, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. तीन वर्षे मी प्रत्येक ग्राहकाला न तपासलेली प्रत देत आलो आहे. आज रात्रीच बदलतो.

शारजाच्या गृहस्थांना हा नवा मजकूर पाठवला होता, त्यांचे उत्तर आले. त्यांनी स्वतः हेजिंगचे डेमो खाते उघडले आहे, २,००० डॉलर टाकून, आणि त्या चौकटीत खूण केल्याचा फोटो मला न मागता पाठवला आहे. खाली एक ओळ आहे : "नफा-तोट्याचे कलम आमच्या हिला वाचून दाखवले, ती म्हणाली मग एवढे दिवस तुम्ही बघत काय होतात?"